मनिऑर्डरीचा रुपया आणि देशाचा हिशेब



अर्थशास्त्रावर बोलण्यासाठी या व्यासपीठावर एखादे प्राध्यापक असावयास हवे होते. मी कॉलेजाची पायरी चढलेलो नाही. जे थोडेफार अर्थशास्त्र मला येते, ते कामगारांच्या पगारचिठ्ठ्या वाचताना आणि मालकांच्या ताळेबंदांतले खाचखळगे शोधताना शिकलो. पण ज्या रुपयाविषयी आज बोलावयाचे आहे, तो मी फार जवळून पाहिला आहे. कमावणारा एका गावी, खाणारी तोंडे दुसऱ्या गावी, आणि दोहोंच्या मधली वाट चालणारा हा रुपया.

वर्तमानपत्रांत दरवर्षी एक बातमी येते. परदेशी गेलेल्या लोकांनी मायदेशी पाठविलेल्या पैशांत भारताचा जगात पहिला क्रमांक. २०२४ साली ही रक्कम जागतिक बँकेच्या अंदाजाने सुमारे १२९ अब्ज डॉलर होती. बातमीच्या शेवटी एक ओळ असते, की ही रक्कम देशाच्या एकूण उत्पादनाच्या शेकडा सव्वातीन ते साडेतीन भरते. वाचणारा पहिल्या क्रमांकाने सुखावतो आणि शेवटची ओळ सोडून देतो. त्या सोडून दिलेल्या ओळीविषयीच मला आज बोलावयाचे आहे. हा शेकडा कसा काढतात, त्यातून काय कळते आणि काय कळत नाही, हे नीट पाहिले तर आपल्या धाराशिव जिल्ह्याची गोष्टही त्यातच सापडेल.

प्रथम व्याख्या पाहू. देशाच्या हिशेबात यात दोन प्रकारचे पैसे धरतात. पहिला प्रकार, एका देशात राहणाऱ्या कुटुंबाने दुसऱ्या देशातल्या कुटुंबाला दिलेले पैसे किंवा वस्तू. मुलगा दुबईत नोकरीला आहे, तो आईला दरमहा काही पाठवितो, ते यात आले. दुसरा प्रकार, परमुलखात थोड्या काळासाठी जाऊन आलेल्या माणसाने तेथे मिळविलेली मजुरी. येथे मोजणाऱ्यांनी वर्षाची मर्यादा घातली आहे. वर्षाहून अधिक काळ बाहेर राहिला तो तिकडचा रहिवासी, आणि मग त्याने घरी पाठविले तेवढेच धरायचे. वर्षाच्या आत परतणारा हंगामी कामगार मात्र इकडचाच रहिवासी समजतात, आणि त्याची तिकडची सगळी मजुरी धरतात, तिथे खाल्ला-प्यायलेला पैसासुद्धा. या दोन रकमांची बेरीज करायची आणि तिला देशांतर्गत उत्पादनाने भागून शंभराने गुणायचे. झाला शेकडा.

आता येथे एक गोष्ट चटकन लक्षात येत नाही. शेकडा म्हटले की आपल्याला वाटते, हा उत्पादनातलाच एक तुकडा. तसे नाही. समजा, एका शेतकऱ्याच्या रानात यंदा दहा पोती जोंधळा झाला, आणि पुण्यातल्या मुलाने दोन पोत्यांच्या किमतीइतके पैसे पाठविले. पाठविलेल्याचे पिकलेल्याशी प्रमाण शेकडा वीस. पण ती दोन पोती दहांतली नव्हेत, दहांच्या वरची आहेत. घरात खायला बारा झाली. देशाचेही असेच आहे. दुबईतल्या गवंड्याने बांधलेली भिंत दुबईच्या उत्पादनात मोजली जाते, आपल्या नव्हे. त्याने पाठविलेला पैसा आपल्या देशाच्या खर्चायोग्य उत्पन्नात मिळतो, देशांतर्गत उत्पादनात थेट मिळत नाही. त्या पैशातून गावी घर उठले, गवंड्याला, सुताराला काम मिळाले, म्हणजे मग ते काम उत्पादनात येते. म्हणून हे प्रमाण म्हणजे एका गोष्टीला दुसऱ्या गोष्टीचे माप लावणे आहे.

आणि मापच जर आखडले तर? त्याच शेतकऱ्याच्या रानात पुढच्या साली दुष्काळ पडला, पाचच पोती झाली, आणि मुलाने पूर्वीइतकेच पाठविले. प्रमाण शेकडा चाळीस झाले! आकडा दुप्पट झाला आणि घर मात्र बारांवरून सातांवर आले. म्हणून हा शेकडा चढला म्हणजे भरभराट झाली असे समजू नये. तो पाठविणारा वाढल्यामुळे चढतो, तसा पिकविणारे रान वाळल्यामुळेही चढतो.

जगाकडे पाहिले तर हेच दिसते. एकूण रकमेत भारत पहिला, पण शेकड्यात आपण फार खाली. शेकड्यात वर कोण? ताजिकिस्तान. अलीकडच्या वर्षांत तेथे हे प्रमाण चाळिसाच्या आसपास, कधी त्याच्याही वर गेले आहे. तिथले तरुण रशियात मजुरीला जातात. आपल्या शेजारच्या नेपाळात ते पंचविसाच्या घरात आहे. नेपाळी पोरे आखाती देशांत, मलेशियात आणि आपल्याकडेही राबतात. या देशांना श्रीमंत कोणी म्हणत नाही. तिथे घरच्या रानात काम नाही, आणि बाहेर गेलेल्या हातांवर घर उभे आहे, एवढाच त्या मोठ्या आकड्याचा अर्थ.

आपल्या देशातही सगळीकडे सारखे नाही. केरळच्या २०२३ च्या स्थलांतर पाहणीत, बाहेरून आलेली रक्कम त्या एका राज्यात २ लक्ष १६ हजार कोटी रुपयांच्या वर निघाली. राज्याच्या उत्पन्नाशी ताडून पाहता जवळजवळ पाव हिस्सा. देशाचा सव्वातीन आणि केरळचा तेवीस! रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत परदेशातून येणाऱ्या पैशाचा सर्वांत मोठा वाटा, शेकडा साडेवीस, महाराष्ट्राच्या नावावर पडला. केरळ त्याच्या किंचित खाली. हे ऐकून आपल्यापैकी कोणाला वाटेल, मग आपल्या जिल्ह्यातही पैशाचा पाऊस पडत असेल. पण राज्याची सरासरी म्हणजे अंधेरी आणि आंदोरा एका तराजूत घालणे. आपला माणूस दुबईला थोडा आणि पुण्याला, मुंबईला, सोलापूरला फार जातो. त्याने पाठविलेला रुपया या हिशेबात धरलाच जात नाही. कारण सोपे आहे. त्याने देशाची सीमा ओलांडलेली नाही.

आता येथे मला आमच्या घरची एक गोष्ट सांगू द्या. आमचे आजोबा सोलापूरच्या एका गिरणीत होते. आजी गावी, तुळजापूर तालुक्यात. सोलापूर ब्रिटिशांच्या मुलखात, तुळजापूर निजामाच्या. अंतर एका दिवसाच्या चालीचे, पण मध्ये करोडगिरीचे नाके. इकडचे नाणे वेगळे, तिकडचे वेगळे. तिकडे कलदार रुपया, इकडे हाली शिक्का. सर्वसाधारण भाव सहा कलदारांना सात हाली. आजोबा देवीच्या यात्रेला येणाऱ्या गावकऱ्याच्या हाती कलदार देत, आणि आजी ते सराफाकडे नेऊन मोडून आणी. सराफ आपला बट्टा कापून घेई. सहांचे सात व्हावयाचे, तिच्या ओच्यात पावणेसात पडत. आजी अक्षरशत्रू होती, पण हा पाव रुपया कोठे गेला हे ती मरेपर्यंत विसरली नाही.

१५ ऑगस्ट १९४७ पासून १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत, हे तेरा महिने, निजाम आपले राज्य स्वतंत्र असल्याचे सांगत होता. त्याचे म्हणणे खरे धरले, तर त्या तेरा महिन्यांत आमच्या आजोबांनी पाठविलेला रुपया परदेशातून आलेला रुपया होता, आणि निजामाच्या राज्याच्या हिशेबात त्याला जागा मिळाली असती. मुक्तीनंतर तोच रुपया घरचा झाला. हाली शिक्काही पुढे काही वर्षांत गेला. १९५९ नंतर तो चलनात उरला नाही. नाके उठले, बट्टा गेला, हे चांगलेच झाले. पण हिशेबाच्या दृष्टीने काय झाले? पाठविणारा तोच, गिरणी तीच, आजीची चूल तीच. सीमारेषा पुसली गेली आणि त्याबरोबर तो रुपया मोजण्याचे कारणही पुसले गेले.

सीमेच्या आतला हा रुपया लहान होता काय? मुळीच नाही. १८८० साली टपालखात्याने मनिऑर्डर सुरू केली, आणि तिच्यावर महाराष्ट्रातले जिल्हेच्या जिल्हे जगले. मुंबईच्या गिरण्यांत रत्नागिरीचा, साताऱ्याचा माणूस गेला, आणि कोकणाच्या अर्थव्यवस्थेला मनिऑर्डरीची अर्थव्यवस्था असे नावच पडले. वीस रुपयांमागे एक रुपया हशील, म्हणजे शेकडा पाच, असा पुढे पुष्कळ वर्षे दर होता. आज परदेशातून दोनशे डॉलर पाठवायला जगात सरासरी शेकडा सहाच्या आसपास खर्च येतो, आणि तो २०३० पर्यंत तिनाच्या खाली आणावा असे संयुक्त राष्ट्रांनी ठरविले आहे. आपल्या पोस्टमनने उन्हातान्हात वाडीवस्तीवर नेऊन पाचात हे काम केले, हे लक्षात ठेवावे. आता मोबाइलवरून क्षणात पैसे जातात आणि हशीलही पडत नाही. पण फॉर्मच्या तळाशी दोन ओळी मजकुरापुरती जागा असे, तिच्यावर कोण वाचून दाखवील याचा विचार करून लिहिलेली खुशाली आता जात नाही. असो.

या मनिऑर्डरीकडे पाहण्याच्या दोन दृष्टी आहेत. १९२९ साली सरकारने हिंदुस्थानातील कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी व्हिटले यांच्या अध्यक्षतेखाली एक शाही कमिशन नेमले. आपले ना. म. जोशी त्याचे एक सभासद होते. १९३१ च्या अहवालात कमिशनने असे मत दिले, की कामगाराचा खेड्याशी असलेला संबंध ही जमेची बाजू आहे. तो तोडू नये, उलट दृढ आणि सुव्यवस्थित करावा. या म्हणण्यात तथ्य आहे. पण मी युनियनचा माणूस आहे, आणि जमेची बाजू म्हटले की कोणाच्या वहीत जमा, हे विचारण्याची मला सवय लागली आहे.

हिशेब मांडून पाहू. गिरणीला अठरा-वीस वर्षांचा धडधाकट गडी मिळाला. त्याला जन्म देऊन, वाढवून वीस वर्षांचा केला कोणी? खेड्याने. आजारी पडला, तो गेला कोठे? खेड्यात. बायकोचे बाळंतपण कोठे झाले? खेड्यात. म्हातारा झाला, गिरणीने हिशेब देऊन घरी पाठविले, त्याला पोसले कोणी? पुन्हा खेड्यानेच. मालकाने फक्त त्याच्या भरीच्या वर्षांचा पगार दिला, आणि तोही एकट्याच्या पोटापुरता, कारण कुटुंब गावच्या तुकड्यावर जगते आहे असे गृहीत होते. अशा पगारातून, खोलीत पाळीपाळीने झोपून आणि खानावळीत उधारीवर जेवून, पोटाला चिमटा काढून त्याने जे वाचविले ते मनिऑर्डरीने गेले. याला आपण शहराने खेड्याला केलेली मदत म्हणतो! खेड्याने वीस वर्षे जे दिले त्याचा हा हप्ता होता, आणि हप्ता मुद्दलाच्या मानाने फार लहान होता.

हे नाते उलट्या बाजूनेही उघड झाले. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लक्ष कामगार बाहेर पडले. मनिऑर्डरी थांबल्या. पुष्कळ कामगार गावी परतले, आणि जे मुंबईत टिकून राहिले त्यांना गावाकडून धान्य येऊ लागले. म्हणजे तांदळाची नि जोंधळ्याची पोती उलट्या वाटेने गेली. तो संप इतका लांबला, याचे एक कारण खेड्याची ही कणगी होती. मात्र कोणत्याही पुस्तकात खेड्याने मुंबईला पाठविलेली रक्कम असा रकाना नाही. आपल्या हिशेबाला आलेले दिसते, गेलेले दिसत नाही.

आता आपल्या जिल्ह्यातल्या दुसऱ्या एका पैशाकडे वळू. हा दिसायला मनिऑर्डरीसारखाच आहे, पण त्याचा स्वभाव अगदी निराळा आहे. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात, कळंब, भूम, वाशी या भागांत, दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, पाच-सहा महिने. जाणे जोडीने, कारण एक कोयता म्हणजे नवरा-बायको. त्या आधी पावसाळ्यात मुकादम घरी येतो आणि उचल देतो. त्या उचलीतून मुलीचे लग्न होते, दवाखाना होतो, सावकाराचे जुने देणे फिटते. गावात पैसा आला की नाही? आला. बाहेरून आला की नाही? आला. मग मनिऑर्डर आणि उचल यांत फरक काय?

फरक असा, की मनिऑर्डरीत घाम आधी आणि पैसा मागून. उचलीत पैसा आधी आणि घाम मागून. मनिऑर्डर पाठविणारा माणूस उद्या गिरणी सोडून दुसरीकडे गेला तर त्याला कोणी अडवीत नाही. पाठविलेला पैसा त्याचा असतो. उचल घेतलेला माणूस फड सोडू शकत नाही. हंगाम संपला आणि उचल फिटली नाही, तर बाकी पुढच्या सालावर जाते, आणि पुढच्या साली कोणत्या मुकादमाबरोबर जायचे हे त्या बाकीनेच ठरविलेले असते. वेठबिगारीची पद्धत १९७६ च्या कायद्याने बंद झाली, हे खरे. कायद्याने बंद झालेली गोष्ट कर्जाच्या वहीतून परत येऊ नये, याची राखण मात्र कोणी करावयाची?

आणि हिशेबवाला या पैशाचे काय करतो तेही पाहा. कर्नाटक जर परदेश असता, तर आपला तोडकरी वर्षाच्या आत परतणारा म्हणून त्याची तिथली सगळी मजुरी व्याख्येप्रमाणे देशाच्या आकड्यात आली असती. उचल मात्र नुसते कर्ज म्हणून बाजूला पडली असती. फडात ऊस तुटेल तसतशी ती मजुरी होत गेली असती. म्हणजे व्याख्या करणाऱ्यांनाही आधी आलेला पैसा आणि कमावून आलेला पैसा यांतला भेद मान्य आहे. आपण गावात बसून मात्र दोन्हींना बाहेरचा पैसा असे एकच नाव देतो.

कोणी म्हणेल, मोजले काय आणि न मोजले काय, पैसा पोचल्याशी कारण. याचे उत्तर २०२० साली मिळाले. महामारी आली, तेव्हा जागतिक बँकेने एप्रिलात असा अंदाज केला, की जगभरातून घरी जाणारे पैसे शेकडा वीसपर्यंत घटतील. सगळ्या सरकारांना काळजी लागली, बैठका झाल्या. प्रत्यक्षात घट फार थोडी झाली. भारतात तर जवळजवळ झालीच नाही. ही काळजी करता आली, कारण आकडा होता. त्याच वेळी, २५ मार्चपासून देश बंद झाला आणि लक्षावधी मजूर शहरांतून पायी निघाले. हे लोक किती, कोठले, कोणाच्या चुली त्यांच्यावर पेटत होत्या, याचा हिशेब कोणाकडे होता? त्याच सप्टेंबरात केंद्रीय श्रम मंत्रालयाने लोकसभेत सांगितले, की वाटेत मेलेल्या स्थलांतरित मजुरांची आकडेवारी ठेवलेली नाही. ज्याचा रुपया मोजला जात नाही, त्याचा मृत्यूही मोजला जात नाही, हे त्या दिवशी मला समजले.

देशातल्या देशात फिरणारी माणसे थोडी नाहीत. २०११ च्या शिरगणतीत, जन्मगाव किंवा मागील वस्ती सोडून आलेले लोक ४५ कोटींवर निघाले. त्यांत लग्न होऊन सासरी आलेल्या स्त्रिया फार मोठ्या संख्येने आहेत. कामासाठी दरसाल राज्याबाहेर जाणारे किती, हे ठरविण्यासाठी २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीला रेल्वेच्या प्रवाशांचे आकडे घेऊन बसावे लागले, आणि सुमारे ९० लक्ष असा अंदाज काढावा लागला. मजुरांची मोजदाद तिकिटांवरून करण्याची पाळी यावी! करावयाचे ठरविले तर मोजता येते. २००७-०८ साली राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ६४ व्या फेरीत, घर सोडून गेलेल्या माणसाने किती पाठविले आणि घरच्यांनी ते कशावर खर्चिले, हे घरोघर विचारले होते. एकदा झाले ते दर पाच वर्षांनी व्हावयास अडचण कसली?

म्हणून माझे मागणे मोठे नाही. ऊसतोड कामगारांची नोंद करून ग्रामसेवकामार्फत त्यांना ओळखपत्रे देण्याचे शासनाने ठरविले आहे. ते ओळखपत्र फोटोपुरते राहू नये. ग्रामपंचायतीच्या वहीत गावातून कोण गेले, कोठे गेले, कोणाच्या टोळीत गेले, उचल किती घेतली, फिटली किती आणि परत आले किती, एवढे रकाने असावेत. जिल्ह्याच्या पातळीवर त्याची बेरीज व्हावी. त्या बेरजेवरून आपल्याला प्रथमच कळेल, की आपला जिल्हा कोणाच्या श्रमावर उभा आहे, आणि आलेल्या पैशातला किती कमावलेला आणि किती बांधलेला आहे. मग वर्तमानपत्रातला शेकडा वाचताना आपण तीन प्रश्न विचारू शकू. रान पिकल्यामुळे हा आकडा आला की वाळल्यामुळे? पैसा घामानंतर आला की घामाआधी? आणि ज्याने तो पाठविला, त्याला वाढविणाऱ्या गावाचा खर्च कोणाच्या नावे मांडला आहे?

मनिऑर्डरीला एक पोहोचपावती असे. पैसे मिळाले की घेणाऱ्याची सही नाहीतर अंगठा घेऊन पोस्टमन ती पावती पाठविणाऱ्याकडे परत लावून देई. मुक्तीनंतर आजोबा टपालानेच पैसे पाठवू लागले. त्यांच्या मागे पत्र्याच्या पेटीत अशा पावत्यांचा एक गठ्ठा निघाला. प्रत्येकीवर आजीचा अंगठा. त्यांनी ते कागद का जपले, हे मला लहानपणी कळले नव्हते. आता कळते. आपण पाठविले ते पोचले, आणि ज्याला पोचले त्याने ते कबूल केले, याचा तो पुरावा होता. आपल्या जिल्ह्यातल्या हजारो माणसांनी आजवर जे पाठविले, त्याची पोहोच समाजाकडून यावयाची अजून बाकी आहे.